खरी तारीख घरी ठेवायची

बोरसे तात्या माणसाचं नाव विचारायच्या आधी त्याची जन्मतारीख विचारतात. सुरतेतल्या आमच्या डिंडोलीच्या सोसायटीत नवीन बिऱ्हाड आलं की बायका दूधवाल्याचं, कामवालीचं बोलतात, तात्या गॅलरीतून खाली वाकून विचारतात, "साहेब, जन्म कधीचा?" समोरच्याने तारीख सांगितली की ते डोळे मिटतात, ओठ हलवतात आणि तो कधी रिटायर होणार ते तिथल्या तिथे सांगून टाकतात. त्या बिचाऱ्याचं कपाट अजून टेम्पोतून उतरलेलं नसतं.

मागे वरच्या मजल्यावर मुलगी बघायला पाहुणे आले होते. तात्यांनी मुलाच्या वडिलांना बाजूला घेऊन जन्मतारीख विचारली. कुणी जाणकार ज्योतिषी दिसतात असं वाटून त्यांनी जन्मवेळही सांगितली. तात्या म्हणाले, वेळ राहू द्या, ती सरकार विचारत नाही. सर्विस बुक शेवटचं कधी पाहिलंत ते सांगा. लग्न जमलं. ते व्याही अजूनही सुरतेला फोन लावतात, पण सुनेच्या माहेरी नाही, तात्यांना.

तात्या म्हणजे एकनाथ बोरसे. मूळ अमळनेरकडचे, इथल्या एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. स्वतःचं सगळं वेळेत मिळालं, तेव्हापासून ओळखीतल्या कुणाचंही पेन्शन अडकता कामा नये असा त्यांनी पणच केला आहे. "रिटायर माणूस आपोआप होतो, पेन्शन आपोआप होत नाही," हे त्यांचं एक वाक्य. दुसरं, "अर्ज केल्याशिवाय या जगात कुणी कुणाला काही देत नाही." हे दुसरं तर ते कुठेही वापरतात. पंगतीत वाढणाऱ्याला थांबवून म्हणतील, "अर्ज आहे, अजून थोडी कढी."

वर्षभर आधी सर्विस बुक पानन्‌पान बघून घ्यायचं, सहा महिने आधी कागद द्यायचे, वारसाचं नाव तपासायचं, हे त्यांनी आमच्याकडून पाढ्यासारखं पाठ करून घेतलं आहे. पण त्यांचा खरा जीव आहे तो नवरा-बायकोच्या जोडफोटोवर. पेन्शनच्या कागदांना तो लागतो. तात्या जोडप्याला स्वतः स्टुडिओत घेऊन जातात. आमच्या खानदेशी बायका नवऱ्यापासून हातभर लांब उभ्या राहायच्या. मग तात्या फोटोग्राफरच्या मागून म्हणणार, "वहिनी, जरा सरका, सरकारला दोघं एकत्र दिसली पाहिजेत." सोसायटीतल्या कितीतरी जोडप्यांचा लग्नानंतरचा पहिला फोटो हाच. निळ्या पडद्यापुढचा तो गंभीर फोटो मोठा करून आता बऱ्याच घरांत टीव्हीच्या वर लावलेला आहे.

आणि एक जून. खानदेशातल्या आमच्या पिढीला वेगळं सांगायला नको. आई पोराला शाळेत घालायला घेऊन जायची, गुरुजी तारीख विचारायचे, आई म्हणायची, पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला. गुरुजी मान हलवायचे आणि एक जून लिहायचे. त्यामुळे आमच्या सोसायटीतले निम्मे पुरुष एकाच दिवशी जन्मलेले आहेत. त्या सकाळी तात्या पेढ्यांचा खोका घेऊन दारोदार शुभेच्छा देत फिरतात. त्यांचीही कागदावरची तारीख तीच, पण ते स्वतः पेढा खात नाहीत. साखर असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

मी इथल्या मराठी शाळेत मास्तर. एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटी निवृत्त होतो, म्हणून मी यंदा एकतीस मेला सुटणार होतो. कागद वेळेत दिले होते, जोडफोटोही झाला होता. आणि एक दिवस कचेरीतून सगळे कागद परत आले. माणूस एक, जन्मतारखा दोन.

घोळ माझाच होता. आधार कार्ड काढलं तेव्हा नुकतंच एका नातलगाने जुनं पंचांग बघून माझ्या पोळ्याच्या आदल्या दिवसाची इंग्रजी तारीख काढून दिली होती. मुलांना खरं बोलायला शिकवणारा माणूस मी. कार्डवाल्याने विचारल्यावर छाती फुगवून ऑगस्टमधली ती तारीख सांगितली. सर्विस बुकात जून, आधारवर ऑगस्ट. जुळत नाही तोवर पेन्शन नाही. घरात दुसरी कमाई नव्हती आणि बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन माझ्या निवृत्तीनंतर करू म्हणून थांबवलं होतं. मी कार्ड घेऊन तात्यांकडे गेलो.

तात्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी कार्ड चष्म्याजवळ नेऊन बराच वेळ पाहिलं, मग माझ्या हातात परत देत म्हणाले, "सर, खरी तारीख घरी ठेवायची असते. सरकारला सरकारी द्यायची."

दुसऱ्या दिवशी ते मला आधार केंद्रात घेऊन गेले. माझं बोर्डाचं सर्टिफिकेट त्यांनी माझ्या हाती राहू दिलं नाही, स्वतःच्या पिशवीत ठेवलं. रांग मोठी होती. आमचा नंबर आला तेव्हा खिडकीतल्या मुलीने गुजरातीत विचारलं, यातली खरी तारीख कोणती? मी तोंड उघडणार तोच तात्या म्हणाले, "बेन, साची रेवा दो, सर्विस बुकवाळी लखो." खरी राहू द्या, सर्विस बुकातली लिहा. ती हसली आणि तिने सर्टिफिकेट बघून एक जून घातली.

बाहेर येऊन गाडीवर गरम लोचो खायला घेतला. काम झालं होतं तरी मला वाईट वाटत होतं. आईने सांगितलेला दिवस मी पैसे भरून पुसून आलो होतो. तसं बोलून दाखवलं तर तात्या म्हणाले, पुसला कुठे, वहिनींना माहीत आहे ना? मी म्हटलं, आहे, त्या दिवशी खीर करते. "मग झालं," ते म्हणाले, "तिथेच असायला पाहिजे खरी तारीख."

मी सहज विचारलं, "तात्या, तुमची खरी कोणती?"

त्यांनी चमचा थांबवला. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दुसरा दिवस, म्हणाले. पोरींचे झोके अजून झाडांना होते तेव्हा झालो, असं माय सांगायची. मायने ते लग्नानंतर त्यांच्या बायकोला, सुनीलच्या आईला सांगितलं. ती कधी तोंडाने काही बोलली नाही, पण आखाजी झाल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा मातीचं खापर चुलीवर उपडं घालून तापवायची आणि फक्त त्यांच्यापुरते पुरणाचे मांडे करायची. ती गेल्यापासून तो दिवस तसाच येतो आणि जातो. मुलगा सुनील बेंगळुरूला असतो, आठवणीने फोन करतो, पण एक जूनला. त्याच्या मोबाइलमध्ये तीच तारीख आहे.

"त्याला सांगा ना," मी म्हटलं.

"ते काय सांगायचं असतं का?" तात्या म्हणाले आणि माझ्या पावत्या नीट घडी करून पिशवीत ठेवू लागले. अर्जाशिवाय काही मिळत नाही म्हणून आयुष्यभर लोकांना ओरडून सांगणारा हा माणूस, आणि त्याला स्वतःसाठी पोटच्या पोराकडे एक शब्द टाकता येत नव्हता. मला त्या क्षणी ते फार एकटे वाटले.

कागद पुन्हा गेले आणि आखाजीच्या आठवड्यातच ऑर्डर मंजूर झाल्याचं कळलं. तात्यांचं बोलणं मी घरी सांगितलं होतं. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने पुरणाची डाळ शिजवली. फ्लॅटमध्ये खापर कुठून आणणार, तिने लोखंडी कढई गॅसवर उपडी घातली. दुखऱ्या गुडघ्यांनी ओट्याशी उभी राहून तिने मांडे केले. एक फाटला, तो मला मिळाला. बाकीचे पांढऱ्या फडक्याखाली झाकून आम्ही दोघं तात्यांच्या दाराशी गेलो.

दार उघडताच त्यांनी विचारलं, "काय, परत आले कागद?" मी म्हटलं, नाही तात्या, पेन्शन मंजूर झालं. त्यांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांचं लक्ष ताटाकडे गेलं. बायकोने फडकं बाजूला केलं. तात्या मांड्यांकडे बघत राहिले, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, मग पुन्हा ताटाकडे.

"खरी तारीख घरी ठेवायची असते ना," बायको म्हणाली, "आता ती आमच्या घरी राहील."

तात्यांनी दोन्ही हातांनी ताट घेतलं. इतक्या वर्षांत आमच्याशी कचेरीतली मराठीच बोलणारा तो माणूस पहिल्यांदा अहिराणीत बोलला.

"पन वहिनी," ते म्हणाले, "मी ते अर्जबी करेल नव्हता."