युद्धनौकेखाली चपलांचा ढीग

जहाजाबद्दल वैष्णवीला सगळं पाठ होतं. फक्त जहाज बघायचं राहिलं होतं!

गंगाखेडच्या या नववीतल्या पोरीला आधी एनसीसीत आणि मग थेट नौदलात जायचं होतं. एनसीसीच्या फॉर्मवर अप्पांची, म्हणजे वडील व्यंकटरावांची, सही तेवढी बाकी होती. पण अप्पा बैलसुद्धा दात बघून घेणारे! "आधी जहाज बघू, मंग सही," म्हणाले.

म्हणून ऐन मे महिन्यात रेल्वेत अंग आंबवून आईबापासह ती समुद्रकाठच्या संग्रहालयात पोचली. वाळूवर खरीखुरी युद्धनौका उभी!

"गाईड कशाला अप्पा? मी हाय ना!"

शिडीपाशी जहाजाला झेंडूचा हार घातला होता. आईनं, म्हणजे सुमनबाईंनी, लगेच हात जोडले. "वैष्णवे, चपला काढाव्या लागत्यात का गं?"

आता गाईडनं 'ठाऊक नाही' कसं म्हणायचं?

"काढायच्याच! नौदलाची शिस्त हाय!"

अप्पांनी प्रवासासाठी घेतलेली करकरीत कोल्हापुरी काढली. ते तीन जोड बघून मागच्या कुटुंबानं काढल्या. त्यांचं बघून सहलीच्या अख्ख्या बसनं! दहा मिनिटांत सप्त्याच्या मांडवाबाहेर असतो तसा ढीग!

आणि वर? भर दुपारचं लोखंडी डेक. भाकरी टाकली असती तर टम्म फुगली असती!

"आगं मायऽऽ!" अप्पांनी उडी मारली ती थेट तोफेच्या सावलीत. सावली दुधीभोपळ्याएवढी, तिच्यात तिघं बगळ्यासारखी एका पायावर!

"अप्पा, ही तोफ ना, बारा किलोमीटर..."

"तोफ ऱ्हाऊ दे! उतरायचं कुठून?"

शिडीवरून तर सहलीची माणसं वर यायलीच होती, आणि येईल तो नाचायला लागत होता! जाड बुटातला पहारेकरी धावत आला.

"चपला काढायला कुणी सांगितलं?"

बोट दाखवलं ते सख्ख्या आईनं!

"उतरायची वाट त्या टोकाला!" पहारेकरी ओरडला. त्या टोकाला! म्हणजे सगळा तवा ओलांडून!

लंगडत, वळसा घालून तिघं ढिगापाशी आली तेव्हा ढीग ओसरला होता. कोल्हापुरी गायब! उरली होती एक निळी स्लीपर आणि फुलपाखरू लावलेली एक गुलाबी सँडल. अप्पांनी दोन्ही पायांत घातल्या.

नळाखाली पाय धरून तिघं बसली. वैष्णवीला वाटलं, आता आपलं अख्खं आयुष्य कापूस वेचण्यात जाणार.

"आवं," सुमनबाई हळूच म्हणाल्या, "पोरीला नेव्हीत बूट देत्यात म्हणं."

अप्पांनी पायातल्या फुलपाखराकडे बघितलं. "फॉर्म दे."

वैष्णवीचा जीव भांड्यात पडला! एरवी सहीला पाच मिनिटं घेणाऱ्या अप्पांनी झरझर लिहून कागद परत दिला.

सहीची जागा कोरीच होती. खाली 'संमती नसल्यास कारण' या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं:

'पाय भाजले.'