बाटलीवरून कपावर बदली

माणसाची पहिली बदली नोकरीत होते, हा समज चुकीचा आहे. ती पहिला वाढदिवस उलटला की होते, बाटलीवरून कपावर, आणि तीही संबंधिताला न विचारता. या बदलीत बढती नाही, भत्ता नाही, आणि वशिला लावायचा म्हटलं तर आजोबांखेरीज कुणी नाही.

सदर प्रकरणातलं बाळ म्हणजे भोंग्या. हे नाव शेजाऱ्यांनी ठेवलं. घरच्यांनी आधी विरोध केला, मग आवाज ऐकून तेही शरण गेले. भोंग्याचे बाबा एका मोठ्या कचेरीच्या प्रशिक्षण विभागात होते. जुनी पद्धत सोडायला तयार नसलेल्यांना नव्या पद्धतीची गोडी लावणं, हा त्यांचा हातखंडा. उभा जन्म एकाच खुर्चीत काढलेल्या खजिनदारालासुद्धा त्यांनी नव्या खुर्चीत बसवून दाखवलं होतं. (तो हल्ली उभाच असतो, पण तो विषय प्रशिक्षण विभागाच्या कक्षेत येत नाही.) अशा माणसाच्या पोरानं कपाला हात लावू नये, ही गोष्ट बाबांच्या मनाला फार लागली.

खरी पंचाईत मात्र वेगळीच होती. भोंग्याची आई चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. मालकानं तिची जागा कशीबशी येत्या सोमवारपर्यंत धरून ठेवली होती. आणि कोपऱ्यावरच्या पाळणाघरात बाटली चालत नसे. "कपानं पीत असेल तर आणा," पाळणाघरवाल्या काकूंनी बजावलं होतं, "नाहीतर दारात दुसरं बाळ उभं आहे." (भोंग्या अजून रांगत होता. उभ्या बाळाशी गाठ, म्हणजे स्पर्धा तगडीच म्हणायची.)

"मला कामावर जायचंय," आई बाबांना म्हणाली. "वर्षभर 'जो जो' आणि 'छी छी' सोडून तोंडातून धड शब्द निघालेला नाही माझ्या. मला माणसांना विचारायचंय, खालची ओळ दिसते का म्हणून. आवडतं मला ते. कळतंय का तुला?"

बाबांना कळलं. ते मनातून पार घाबरले, आणि घाबरलेला प्रशिक्षक जे करतो तेच त्यांनी केलं. योजना आखली.

योजनेला टप्पे होते. जनजागृतीच्या टप्प्यात भोंग्याला कपाचे फायदे समजावून सांगण्यात आले आणि शंका असल्यास विचाराव्यात, असंही सुचवण्यात आलं. भोंग्यानं शंका विचारली नाही. त्यानं कप टोपीसारखा डोक्यावर घातला. कप भरलेला होता. पुढचा टप्पा सहभागाचा. लाल, पिवळा, निळा असे कप समोर मांडून, आवडेल तो घे राजा, असं त्याला सांगण्यात आलं. त्यानं बाटली घेतली. मग प्रत्यक्ष अंमलबजावणी. तीत खर्ची पडलेल्या दुधापैकी सत्तर टक्के सतरंजीच्या वाट्याला गेलं, वीस टक्के बाबांच्या शर्टाच्या, नऊ टक्के मांजराच्या. उरलेलं भोंग्याच्या पोटात गेलं असावं, असं गृहीत धरण्यात आलं आहे. शेवटचा टप्पा सत्कार समारंभाचा होता. तो तूर्त पुढे ढकलला.

अशातच एक भानगड उघडकीस आली. कप भिरकावून उपाशी झोपणारा भोंग्या मुळात उपाशी नसायचाच. आजोबा त्याला गच्चीवर नेऊन गुपचूप बाटली पाजत होते.

"काय हे अप्पा!" आई सासऱ्यांना म्हणाली. "सगळ्यावर पाणी फिरवलंत!"

"पाणी कुठलं, चांगलं दूध होतं," आजोबा म्हणाले. मग खाली बघत पुटपुटले, "तोंड एवढंसं करतं गं पोरगं. बघवत नाही मला."

अखेर बाबांनी रजा घ्यायचं ठरवलं आणि साहेबांना फोन लावला. इथे मातृभाषेनं दगा दिला.

"साहेब, दोन दिवस रजा हवी होती. बाटली काही सुटत नाहीये."

पलीकडे केबिनचं दार लावल्याचा आवाज आला. "कधीपासून आहे हे?" साहेबांनी हळूच विचारलं.

"पहिल्यापासूनच म्हणा ना. सकाळची कशीबशी बंद केली. पण झोपताना लागतेच. नाही मिळाली की गल्ली डोक्यावर!"

"घरचे साथ देतात ना?"

"कसली साथ, साहेब! वडीलच गच्चीवर नेऊन पाजतात."

दोन दिवसांऐवजी आठवडाभराची रजा मंजूर झाली, आणि खबरदारी म्हणून प्रशिक्षण विभागातली खोकल्याच्या औषधाची बाटलीदेखील कुलपात गेली.

रजा मिळाली तरी कप जिथल्या तिथेच. शेवटी बाबा मुदतवाढ मागायला काकूंकडे गेले. काकूंनी योजना नीट ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "ते सगळं राहू द्या. घरात कपानं कोण पितं?"

"म्हणजे?"

"मूल बघून शिकतं हो. भाषणं ऐकून नाही."

बाबांनी घरी येऊन पाहणी केली. आई नळीच्या बाटलीतून पाणी ओढत होती. आजोबा थर्मासच्या चोचीला तोंड लावून चहा पीत होते. खुद्द बाबांची बाटली दोन लिटरची, तिच्यावर तासातासाच्या रेघा, आणि प्रत्येक रेघेशी 'शाब्बास!', 'आता थोडंच राहिलं हं!' असा मजकूर. (ही बाटली प्रौढांसाठी बनवली जाते.) भोंग्यानं उभ्या आयुष्यात एकाही माणसाला कपाला तोंड लावताना पाहिलं नव्हतं. कप काचेच्या कपाटात होते, पाहुण्यांसाठी. पाहुणे आपापल्या बाटल्या घेऊन येत.

रविवारी घरात प्रात्यक्षिक झालं. तिघंही सतरंजीवर बसले. बाबांनी सवयीनं कपाची कड दातात धरून जोरात ओढलं, दूध थेट नाकात गेलं. आईच्या हनुवटीवरून ओघळ गळ्यात उतरला. आजोबा कपाचं झाकण शोधत बसले. भोंग्या आधी टाळ्या पिटून हसला. मग रांगत जवळ आला, ठसकणाऱ्या बाबांच्या हातातला कप त्यानं दोन्ही हातांनी धरला आणि एक घोट घेतला. (याबाबत तिघांच्याही साक्षी जुळतात.) बहुधा त्याला बापाची कीव आली असावी. आईनं त्याला उराशी धरलं आणि ती ढसाढसा रडली.

सोमवारी भोंग्या पाळणाघरात इतर बाळांच्या ओळीत बसला आणि दुधाची मिशी उमटवून कप रिकामा करून मोकळा झाला. आई दुकानात गेली, जवळजवळ धावतच. बाबा मात्र दारात रेंगाळले. घशाला कोरड पडली होती. त्यांनी पिशवीतून बाटली काढली, तोच काकूंनी ती हातातून काढून घेतली.

"इथे नाही. बाळं बघतात. लागलेली सवय मोडते त्यांची."

"काकू, दोनच घोट. अकराची रेघ राहिलीये हो!"

"कपात देऊ?"

बाबांचा खालचा ओठ थरथरला. भोंग्या त्यांच्याकडे समजूतदारपणे बघत राहिला.

काकूंचा कडकपणा वाचकांनी मनाला लावून घेऊ नये. तुमची स्वतःची बाटली आत्ता टेबलावर आहे, पिशवीत आहे की मांडीवर, हे आम्ही विचारलेलं नाही. ती हाताशी नाही, हे ध्यानात येऊन जीव थोडा कासावीस झाला असेल तर तेही साहजिकच आहे. पाळणाघरात सध्या एक जागा रिकामी आहे. पण तिथे कपानं पिणाऱ्यांनाच घेतात, तेव्हा तुमचं काही खरं नाही.