सव्वा मुठीचा प्रश्न

माणसाच्या मुठीत किती गहू मावतो, हे मुठीवर अवलंबून असते. तरीही आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई देवीच्या सणाला रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजतात, आणि मोजणी कधी चुकत नाही. (बायका मोजायच्या नसतात, त्यांनी दळायचे असते.)

आरोग्य खात्याची मोजणी वेगळी. जिला मूल नको आहे, पण ते टाळण्याचा उपाय जिच्या हाती नाही, अशी बाई ‘अपूर्ण गरज’ या रकान्यात जाते. ही गरज फार काळ अपूर्ण राहत नाही. साधारण नऊ महिन्यांनी तिचे बारसे होते.

पाचोऱ्याजवळच्या धनसिंग नानांची सून दीपमाला. एक मुलगी, एक मुलगा झाल्यावर ती म्हणाली, “आते बस. ऑपरेशन करी टाकूत.” नवरा भूपेंद्र लोकशाहीवादी, त्याने विषय वडिलांपुढे ठेवला.

“एक नातूनी सव्वा मूठमा रोट व्हस का रे?” नाना म्हणाले. “आखाजी व्हऊ दे.”

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाली. मग केळीची कापणी, मग चुलतभावाचे लग्न, असा विषय शिस्तीने पुढे सरकत राहिला. तोवर तिसरे मूल झाले. (मुलगा. सव्वा मूठ वाढली.) सिस्टरने गोळ्या दिल्या. त्या उष्ण पडतात म्हणून सासू वच्छलाबाईंनी डब्यात बंद करून ठेवल्या. डब्याला आजवर दिवस गेलेले नाहीत.

दीपमालाला चौथे नको होते. हे तिने सिस्टरला सांगितले, सिस्टरने रकान्याला.

यंदा कानबाईला सगळे भाऊबंद जमले आणि विषय एकदाचा निघाला. चर्चा उच्च दर्जाची झाली. ऑपरेशनला तत्त्वतः कोणाचाच विरोध नव्हता. अडचण एकच, ती जीवराम काकांनी मांडली: “बाई खाटवर पडनी तं कापूस कोन येची?”

सगळ्यांनी माना हलवल्या. विषय वेचणीनंतर घ्यावा, असे ठरत आले. ऑपरेशनवर इतके बोलणे झाले, पण ते कोणाचे, हे मात्र कोणी विचारले नाही. (तुम्हीही नाही.)

दीपमालाने तव्यावरचा रोट उलटला आणि नवऱ्याकडे पाहिले.

“तुम्ही तं येचनीले येतसच नही. मंग ऑपरेशन तुम्हनंच. सोमवारनी तारीख लई लिधी शे.”