आधी किक, मंग चाय

समता कॉलनीत ढोमणेकाकांकडे चहाला जायचं तर पायात बूट हवेत. अंगणातली त्यांची जुनी मोटारसायकल किक मारून सुरू केल्याशिवाय पाहुण्याला चहा मिळत नाही. "आधी किक, मंग चाय," हा त्या घरचा कायदा. मी रायपूरला नवा असताना पहिल्यांदा गेलो, तेव्हा चोक जास्त ओढून इंजिनात पेट्रोल तुंबवून ठेवलं आणि घामाघूम होऊन नुसतं पाणी पिऊन परतलो. माझ्यामागून आलेल्या विमा एजंटाला दुसऱ्याच किकला चहा मिळाला. ते मला अजून लागतं.

काका स्वतः किक मारत नाहीत. रेल्वेतून निवृत्त झाले, गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी मनाई केली. तेव्हापासून पाहुण्यांचे पाय कामाला लागले. गाडी सुरू झाली की काका डोळे मिटतात. "आयका, भाऊ, आयका! हिच्यावर मी अन् कुसुम बस्तर फिरलो, अमरकंटक पाह्यलं, दर दिवाळीले अमरावती केली. हिनं कधी मान खाली नाही घालू देल्ली." कुसुमकाकू जाऊन आता बरीच वर्षं झाली.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीनं, मृणालनं, त्याच नावाची नवी गाडी घेतली. मृणाल नव्या रायपूरला नोकरी करते. मराठी तिला सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीत. कमाईतली पहिली मोठी खरेदी आणि तीही बापाच्याच गाडीची नवी पिढी. बापानं एकदा चांगलं म्हणावं, एवढीच तिची इच्छा होती.

"बाबा, बस बटन दबाओ, स्टार्ट!"

"मंग माणसानं काय करावं?"

"ब्रेक देखो, फिसलती नहीं."

"मी जुनीवर घसरलो काय कधी?" असं म्हणताना काकांनी कोपरावरची जुनी खूण झाकायला शर्टाची बाही ओढली.

"रास्ता भी बताती है."

"रस्ता चायवाल्याले विचारा लागते. चार गोष्टी होतात."

बाहेर मात्र हाच माणूस तेलीबांध्याच्या तलावाकाठी अनोळखी लोकांना थांबवून "माह्या पोरीची हाय, भैया" असं सांगताना मी पाहिलाय. घरी आले की पुन्हा तेच. "नुसती फुसफुस! हिचा आवाज सैपाकखोलीत जात नाही." मृणाल फडकं घेऊन गाडी पुसत बसायची. मला तिची दया यायची.

शेवटी मी विचारलंच, "काका, आवाज स्वयंपाकघरात कशाला जायला हवा?"

"रेल्वेची ड्यूटी, भाऊ. घरी यायचा टाइम ठरेल नाही. नाक्यावर गाडीचा आवाज आला का कुसुम आधण ठेवे. मी हातपाय धुवून येतो तं कप समोर. तिनं कधी घड्याळ नाही पाह्यलं, हिलेच आयके."

या कायद्यावर मी बाहेर किती विनोद केले होते!

परवा संध्याकाळी पुन्हा गेलो. चोक किती ओढायचा यावर काकांचं व्याख्यान चाललं होतं, किक अजून व्हायची होती. मधेच ते थांबले. "बसा," म्हणाले आणि लंगडत आत गेले. भांड्याचा आवाज आला, गॅस पेटला. मला वाटलं, काहीतरी चुकलं माझं. तेवढ्यात मृणालची गाडी वळणावरून आली. मी कान देऊन बसलो होतो तरी फाटकाशी येईपर्यंत मला ती ऐकू आली नव्हती.

ती हेल्मेट काढून पायरी चढते तोच काका कप घेऊन समोर.

"आपको कैसे पता चला, मैं आ रही हूँ?"

"काहून? आवाज आला ना. नाक्यावरूनच येते."

मृणाल हेल्मेट छातीशी धरून उभी राहिली. तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच मराठी ऐकली. "अजून एकदा सांगा ना, बाबा."

"चांगला आवाज हाय तुह्या गाडीचा," काका म्हणाले आणि मग डोळे पुसत माझ्यावर खेकसले, "तुम्ही काय पाहून राहिले, भाऊ? जा, आत तुमचाबी कप भरला हाय. आज किक माफ!"