त्रिकोण, चौकोन आणि वर्तुळ

पाचवीच्या गणिताच्या बाईंना आपल्या डोक्याबद्दल कधीच शंका नव्हती. वर्गात काहींना भागाकार झोपेतही जमायचे, काहींना जागेपणीही नाही. म्हणून बाईंनी मुलांचे तीन गट केले. ज्याला झेपेल तशी गणितं. कुणाचं मन दुखू नये म्हणून गटांची नावं ठेवली त्रिकोण, चौकोन आणि वर्तुळ.

"हुशार कोण नि कच्चं कोण, ब्रह्मदेवालाही कळायचं नाही," त्या मुख्याध्यापिकांना म्हणाल्या.

मुलांना मधल्या सुट्टीतच कळलं. वर्तुळ म्हणजे शून्य, त्यांनी सरळ अर्थ लावला. शाळा सुटताना एका वर्तुळाचे वडील फाटकाशी उभे.

"बाई, त्याला निदान चौकोनात घ्या. आमच्या आईनं जेवण सोडलंय."

बाई डगमगल्या नाहीत. त्यांनी नावांची अदलाबदल केली. आता सोपी गणितं त्रिकोणाला. हे ठाऊक नसलेल्या एका आईनं मुलीला त्रिकोणात घ्यावं म्हणून इतका लकडा लावला, की बाईंनी घेतलं. लेक आता भराभर गणितं सोडवते, हे त्या माउलीनं अख्ख्या इमारतीला ऐकवलं. मुलांना हेही कळलं, तशी बाईंनी पुन्हा नावं फिरवली. मग पुन्हा एकदा.

नेमक्या त्याच आठवड्यात मुख्याध्यापिका वर्ग बघायला मागच्या बाकावर येऊन बसल्या. बाईंनी ऐटीत गटागटाचे कागद वाटायला घेतले आणि मध्येच त्यांचा हात थांबला. कुठला आकार कुणाचा, हेच आठवेना. त्या पहिल्या बाकावरच्या मुलीपाशी वाकून कुजबुजल्या, "चौकोन म्हणजे सध्या कोण गं?"

"ढ, बाई," मुलगी खणखणीत आवाजात म्हणाली. "या आठवड्यात आम्ही. हुशार खिडकीपाशी. त्यांचा कागद तुम्ही मला दिलाय."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"यातले भागाकार येतात मला. अपूर्णांक आले की बुडते. अर्धा हा नि अर्धा सोपा, असा द्याल?"

बाईंनी सुटकेच्या आशेनं मागे पाहिलं.

"द्या की," मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आणि बाकीच्यांनाही एकेकाला विचारा, काय येतं नि काय नाही."

बाईंनी पदर खोचला आणि मुलीशेजारी बसून विचारायला सुरुवात केली. तास संपल्याची घंटा झाली, तेव्हा त्या कशाबशा दुसऱ्या बाकापर्यंत पोचल्या होत्या.