चालू होतोय

बायकोचा लॅपटॉप चालू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात तिचा चहा पिऊन व्हायचा, तोही गरम. घरून नोकरी करणाऱ्या बाईला गरम चहा मिळणं म्हणजे काय, हे सांगून कळायचं नाही. सासूबाईंनी हाक मारली की ती म्हणायची, "आई, ऑफिस सुरू झालंय." साहेबांचा फोन आला की म्हणायची, "सर, चालू होतोय." दोन्ही खरंच होतं. दिवसभरात तेवढाच वेळ तिच्या एकटीचा होता आणि त्यासाठी तिला कुणापुढे हात पसरावा लागत नव्हता.

नवऱ्याला ते बघवेना.

"नवी एसएसडी डिस्क टाकू. जुनीवरचं सगळं जसंच्या तसं तिच्यावर न्यायचं, की झालं. बटण दाबताच हजर."

"राहू दे रे. मला चालतो तसा."

"तुला ना, अन्याय सोसायची सवय लागलीये," नवरा म्हणाला. आता यावर कुणी काय बोलावं, कपाळ?

रविवारी त्याने टेबलावर पसारा मांडला. आधी स्वतःच्या लॅपटॉपवर हात साफ करू, असं म्हणून तो उघडला, तर त्यातली डिस्क हातातून सुटून फरशीवर आपटली. परत जोडल्यावर नुसती टकटक करत बसली. "तशीही मरायलाच टेकली होती," म्हणत त्याने बायकोचा लॅपटॉप पुढे ओढला.

नवी डिस्क वायरने जोडून कॉपी सुरू केली. ती अर्ध्यावर आली असताना सासूबाईंनी मिक्सर लावायला नेमका तोच प्लग काढला. बॅटरीने केव्हाच मान टाकलेली, त्यामुळे लॅपटॉप जागच्या जागी विझला.

"आई, विचारायचं तरी."

"विचारत बसले असते तर जेवला असतास संध्याकाळी."

पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला कॉपी झाली, नवी डिस्क आत बसली, वर दोन स्क्रू उरले. "कंपनी जास्तीचेच देते," नवरा म्हणाला. बायकोने लग्नानंतर पहिल्यांदाच मनापासून त्याचं अपयश चिंतलं. मेलं, तेही नशिबात नव्हतं. लॅपटॉप झटक्यात चालू झाला.

सोमवारी चहा ओठाला लागायच्या आत साहेब समोर. "अरे वा, आज लवकर? मग तो अहवालही बघून टाका." मंगळवारपासून साहेबांनी सकाळची मीटिंगच तिच्या गळ्यात मारली. सासूबाई म्हणाल्या, "आता पटकन होतं ना तुझं? मग भाजी चिरूनच बस." वाचलेल्या वेळेचे असे लचके तुटले आणि चहा रोज कपात गार होऊ लागला.

"काय, आहे की नाही सुसाट?" नवरा विचारायचा.

"आहे बाबा," ती दात आवळून म्हणायची. त्याला ते कौतुक वाटायचं.

पुढच्या आठवड्यात मीटिंगमध्ये बसल्याबसल्या तिने मान वळवली. नवरा खुर्चीवर पाय सोडून बसला होता, हातात वाफाळता कप, पुढ्यात त्याचा लॅपटॉप. वाया कशाला घालवायची म्हणून त्याने तिची जुनी डिस्क पुसून स्वतःला बसवून घेतली होती. पडद्यावर गोल चक्र सावकाश फिरत होतं.

दाराची बेल वाजली. "अगं, तू बघ," सासूबाई आतून म्हणाल्या. "त्याचं अजून चालू व्हायचंय."

दार लावून परतताना ती त्याच्यासमोर थांबली. "तुझ्यातही नवी टाकू या का? मी टाकते."

"छे," नवऱ्याने घोट घेतला. "खरं सांगू का, सकाळी असं जरा शांत बसलं ना, की बरं वाटतं. तूही बसत जा कधी."