कर्नल बेंतांकोर यांचा आवाज

रविवारी दुपारी अकरा माणसं कर्नल बेंतांकोर यांच्या सत्कारासाठी पायसांदू गावी येणार होती, आणि कर्नल बेंतांकोर नावाचा माणूस पृथ्वीच्या पाठीवर कुठेही नव्हता. होत्या त्या ओलिंदा बेंतांकोर. वय त्रेसष्ट, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त, एकट्या. आणि गुरुवारी सकाळी त्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याच्या सलूनमध्ये घामाघूम होऊन उभ्या होत्या.

"वॉशिंग्टन, तुला एक दिवस कर्नल व्हायचंय."

वॉशिंग्टन पिंतोस एका गिऱ्हाइकाच्या गालाला साबण फासत होता. हात न थांबवता त्याने विचारलं, "कुठल्या देशाचा?"

"आपल्याच. हवाई दलाचा. निवृत्त."

"मग ठीक आहे," वॉशिंग्टन म्हणाला. "जेवण आहे का?"

जेवण होतं, आणि त्या जेवणानेच घोटाळा केला होता.

निवृत्तीनंतर बोटं आखडायला लागली तेव्हा डॉक्टरांनी ओलिंदाबाईंना विणकाम सुचवलं. बाईंना विणकामाचा तिटकारा. त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि त्यावर लढाऊ विमानांचा खेळ आणला. खेळ म्हणायचा, पण पोरखेळ नव्हे. नुसतं इंजिन सुरू करायला चाळीसेक बटणं ठरल्या क्रमाने दाबावी लागत. एक चुकलं की विमान जागेवरच थंड. रडार तर खऱ्यासारखंच हट्टी. त्याला डोंगरापलीकडचं दिसत नसे. आणि शत्रूने विमान आडवं वळवलं, म्हणजे ना जवळ येत ना लांब जात असं नेलं, की रडार त्याला जमिनीचाच तुकडा समजे आणि पडद्यावरचा ठिपका गायब होई.

विमान उडवणं बाईंना काही जमलं नाही. पण रडारसमोर बसून इतरांना वाटा सांगायचं काम त्यांना असं जमलं की बस! एकतीस वर्षं एका वेळी सात लायनी डोक्यात ठेवलेली बाई. ठिपका दिसेनासा झाला तरी त्यांच्या डोक्यात तो चालूच असे: वेग एवढा, सेकंद एवढे, म्हणजे आता तो अमुक टेकडीमागून उगवणार. आणि उगवायचाच.

खेळणाऱ्यांचा एक गट होता, टेरो नावाचा. देशभरातली अकरा माणसं दर मंगळवारी कानाला हेडफोन लावून एकत्र उडत. बाई पहिल्यांदा तिथे गेल्या तेव्हा लाइन खरखरत होती. एकाने विचारलं, "ऐकू येतंय का?" नेमकं त्याच क्षणी दुसऱ्याने विचारलं, "आपण हवाई दलातले का?" बाईंनी पहिल्याला उत्तर दिलं: "हो, अगदी स्वच्छ."

"हुद्दा कुठला?"

बाईंना वाटलं, कुठलं काम घेणार असं विचारतायत. "जो रिकामा असेल तो," त्या म्हणाल्या.

सिगारेटींनी बाईंचा आवाज असा जाडाभरडा केलेला, की पलीकडे अकराही जण खुर्चीत ताठ बसले. इतकं बेफिकीर बोलणारा माणूस कर्नलपेक्षा खालचा असणंच शक्य नाही, असं त्यांनी आपसांत ठरवलं. पुढच्या मंगळवारी "कर्नल, आज्ञा!" ऐकू आलं तेव्हा बाईंनी तोंड उघडलं होतं, दुरुस्त करायलाच. पण एकतीस वर्षांत लोकांनी त्यांना "अहो लाइन", "ए बाई" आणि "किती वेळ लावता" याखेरीज कशाने हाक मारली नव्हती. तोंड मिटलं. मिटलं ते दोन वर्षं.

आणि आता टेरोंनी ठरवलं होतं की या वर्षीचं भाजलेल्या मांसाचं जेवण कर्नलांच्या गावीच, नदीकाठच्या क्लबात करायचं. शिवाय त्याच दुपारी, कर्नलांच्या साक्षीने, सीमेपलीकडच्या रोसारियो शहराच्या कारांचो गटाशी सामना. बाई यायच्या आधी कारांचोंनी त्यांना तीन वर्षं ओळीने धुतलं होतं.

"मी निवडलं तुला ते पाठीसाठी," ओलिंदाबाई म्हणाल्या. वॉशिंग्टनची मणक्याची चकती सरकल्यापासून तो कमरेला चामड्याचा रुंद पट्टा बांधत असे, त्यामुळे तो भिंतीसारखा सरळ उभा राही. मिशाही होत्या. "फक्त तीन वाक्यं बोलायची. 'शाब्बास', 'ते सांगता येत नाही' आणि 'मीठ द्या'. समजलं?"

"मेव्हणीबाई, मी न्हावी आहे," वॉशिंग्टन दुखावून म्हणाला. "तीन वाक्यांत माझं एक कानशीलसुद्धा होत नाही."

रविवारी बाई गळ्याभोवती मफलर गुंडाळून आल्या. त्यांचा आवाज अकरा जणांच्या कानात मुरलेला. एक शब्द उच्चारला तरी संपलं. म्हणून कर्नलांची मेव्हणी, घसा बसलेली, बोलण्याची मनाई, असं ठरलं. हातात बटाट्याच्या सॅलडचा मोठा वाडगा, म्हणजे कोणी हातही मिळवायला नको.

अकरा जण रांगेत उभे राहिले. गटप्रमुख फ्रुक्तुओसो आर्बीसा साल्तोच्या एका वकिलाकडे कारकून होता. त्याने टाच टाचेला लावली. "कर्नल! अखेर दर्शन झालं!"

"शाब्बास," वॉशिंग्टन किनऱ्या आवाजात म्हणाला.

अकरा भुवया वर गेल्या.

"फोनवर जाड येतो," वॉशिंग्टनने खुलासा केला. हे चौथं वाक्य होतं. बाईंनी डोळे मिटले. "त्या यंत्राचं असंच असतं बघा. माझ्या एका गिऱ्हाइ... माझ्या एका वैमानिकाचा आवाज फोनवर बैलासारखा, आणि समोर आला की मांजर. केस मात्र दाट हो त्याचे!"

तिथून पुढे वॉशिंग्टनला आवरणं कुणाच्या हातात राहिलं नाही. मांसाचा पहिला तुकडा पोटात गेला आणि त्याला युद्धं आठवायला लागली. कुठलं युद्ध असं कुणी विचारलं की "ते सांगता येत नाही," आणि लगेच पुढचं सांगायला सुरुवात. बाई वाडगा घेऊन त्याच्या मागे उभ्या होत्या आणि चमच्याने त्याच्या पाठीत टोचत होत्या. पट्ट्यामुळे त्याला काही लागत नव्हतं.

ब्राउलिओ नावाचा गुरांचा तरुण डॉक्टर वही घेऊन त्याच्यासमोरच बसला. "कर्नल, एक विचारू? शत्रू आडवा वळतो, रडारवरून नाहीसा होतो. तो कुठल्या बाजूने बाहेर पडणार हे तुम्हाला दर वेळी कसं कळतं?"

सगळे चावायचे थांबले. बाईंच्या हातातला चमचाही थांबला.

वॉशिंग्टनने मिशीवरून बोट फिरवलं. "माणूस आडवा वळला की घाबरायचं नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "जबरदस्तीही करायची नाही. दोन बोटांनी कान हलकेच धरायचा. तो आपोआप समोर येतो."

ब्राउलिओने लिहून घेतलं. "कान, म्हणजे... शत्रूचं सावधानतेचं यंत्र?"

"ज्याला जे समजेल ते," वॉशिंग्टन म्हणाला. "आणि हात कोरडे हवेत."

ब्राउलिओने 'हात कोरडे' याच्याखाली दोनदा रेघ ओढली.

तीन वाजता सामना सुरू झाला. क्लबच्या पडवीत चार कॉम्प्युटरांवर चार टेरो बसले, त्यांत फ्रुक्तुओसो आणि ब्राउलिओही, आणि पाचव्यावर, रडारसमोर, कर्नल. समोर मायक्रोफोन. बाकीचे मागे गर्दी करून.

हिरव्या पडद्यावर कारांचोंचे चार ठिपके उगवले. वॉशिंग्टन कौतुकाने बघत राहिला.

"कर्नल, आज्ञा!" फ्रुक्तुओसो त्याच्या कॉम्प्युटरवरून ओरडला.

"शाब्बास!" वॉशिंग्टन म्हणाला.

"कर्नल, कुठे वळू?"

"तुला कुठे बरं वाटतं तिकडे वळ, बाळा."

फ्रुक्तुओसो डावीकडे वळला आणि सरळ एका क्षेपणास्त्रावर जाऊन आदळला. दुसऱ्या मिनिटाला दुसरा टेरो गेला. पाठोपाठ पडद्यावरचे चारही ठिपके एकदम नाहीसे झाले.

"पळाले!" वॉशिंग्टन टाळी वाजवून म्हणाला. "बघा, घाबरले! मीठ द्या."

पळालेत कसले! आडवे वळलेत. बाईंच्या डोक्यात आकडे आपोआप फिरायला लागले होते. खोऱ्यातून येतायत. चाळीस सेकंद. पस्तीस. दोन वर्षांची अब्रू एका बाजूला आणि त्या गाढव ब्राउलिओचं विमान दुसऱ्या बाजूला, आणि गाढव सरळ त्या खोऱ्याच्या तोंडाशीच निघाला होता. तीस सेकंद.

वाडगा वॉशिंग्टनच्या मांडीवर आदळला. मायक्रोफोन बाईंच्या हातात होता.

"टेरो चार! खाली! रडार बंद कर, ते ऐकतायत तुझं रडार! टेकडीला चिकट. टेरो तीन, उजवीकडे, नाक दोनशे दहावर. थांब. थांब म्हटलं ना! बारा सेकंद."

सबंध पडवी गोठली. तोच आवाज होता. टेरो तीन आणि चार यांच्या पाठी मात्र जागच्या जागी सरळ झाल्या आणि हात आपोआप हुकूम पाळायला लागले.

"तीन. दोन. एक. टेरो चार, रडार चालू, नाक वर. समोर बघ कोण आहे ते."

समोर चार कारांचो एका ओळीत, पाठ करून, निवांत चालले होते. पुढची चार मिनिटं बाई बोलत होत्या आणि कारांचो पडत होते. शेवटचा पडला तेव्हा पडवीत अशी बोंब उठली की नदीवरची सगळी पाखरं उडाली. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली, एकाने तर वॉशिंग्टनच्या मांडीवरच्या सॅलडचा मुका घेतला.

मग हळूहळू सगळे बाईंकडे बघायला लागले.

ओलिंदाबाईंनी मफलर सोडला. "मी कर्नल नाही," त्या म्हणाल्या. "मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. चूक झाली माझी. आता हाकलायचं असेल तर हाकला, पण आधी जेवण संपवा, मांस कडक होईल."

फ्रुक्तुओसोने डोकं खाजवलं. "बाई, आम्हाला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"गेल्या हिवाळ्यात, भर लढाईत तुमच्या दाराशी कुणीतरी ओरडलं, 'ओलिंदाबाई, गॅसचा सिलिंडर!' आणि तुम्ही म्हणालात, 'तिथेच ठेव, शत्रू आलाय.' तेव्हापासून सगळ्यांना माहीत आहे."

"मला नव्हतं," ब्राउलिओ वही छातीशी धरून म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?" बाईंचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला.

"म्हटलं, सांगावंसं वाटेल तेव्हा सांगतील. म्हणूनच तर जेवण इथे ठेवलं. आम्हाला तुम्हाला बघायचं होतं." फ्रुक्तुओसोने आवाज खाली आणला. "पण बाई, आल्यापासून आम्हाला एकच कोडं पडलंय. हे कोण?"

सगळ्यांनी वॉशिंग्टनकडे पाहिलं. तो मांडीवरचे बटाटे एकेक करून खात होता. "वॉशिंग्टन पिंतोस," तो ताठ मानेने म्हणाला. "सलून बाजारपेठेत आहे. आणि मी सांगितलं त्यातलं एक अक्षर मागे घेणार नाही."

हसून हसून माणसं जमिनीवर बसली. बाईही हसल्या आणि हसता हसता त्यांनी मफलरने डोळे पुसले.

तेवढ्यात कॉम्प्युटरमधून कुणीतरी खाकरलं. मायक्रोफोन चालूच राहिला होता. रोसारियोने सगळं, अगदी सॅलडपासून, ऐकलं होतं.

"टेरो," पलीकडून कारांचोंचा प्रमुख म्हणाला, "अभिनंदन. आमच्या रडारवरचे आमचे ब्रिगेडियर तुमच्या बाईंशी बोलू इच्छितात. खाजगी लाइनवर, असं म्हणतात."

ब्रिगेडियर! अख्ख्या नदीकाठावर त्या माणसाचा दरारा. बाईंनी सवयीने लाइन बदलून दिली आणि हेडफोन कानाला लावला.

मग एक म्हातारा, भित्रा, कुजबुजता आवाज आला.

"बाई, आजूबाजूला कुणी नाही ना? त्याचं असं आहे, आमच्या पोरांनीही पुढच्या महिन्यात माझ्या सत्काराचं जेवण ठरवलंय." तो आणखी कुजबुजला. "ते तुमचे वॉशिंग्टन... त्यांना वीस तारखेला वेळ आहे का?"